प्रारूप विकास योजना कशी वाचावी आणि परवडणाऱ्या घरांच्या बाजूने हरकत कशी नोंदवावी

शहराची प्रारूप विकास योजना, म्हणजे शहरात कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा मसुदा, प्रसिद्ध झाली की नगररचना विभागात हरकती देणाऱ्यांची गर्दी होते आणि त्या गर्दीत बहुतेक जण जमीनमालक असतात. कोणाच्या गटावर शाळेचे आरक्षण पडलेले असते, कोणाच्या भूखंडातून चोवीस मीटरचा रस्ता गेलेला असतो, कोणाचे शेत याही वेळी हरित विभागातच राहिलेले असते. त्यांच्या हरकती अनेकदा रास्तही असतात. मात्र त्याच योजनेमुळे ज्याला पुढची वीस वर्षे भाड्याच्या खोलीत काढावी लागणार आहेत किंवा कामाच्या ठिकाणापासून दीड-दोन तासांवर घर घ्यावे लागणार आहे, तो माणूस तिथे क्वचितच दिसतो. आपल्या नावावर सातबारा नाही, मग विकास योजनेशी आपला संबंध काय, असा त्याचा समज असतो. कायद्यात अशी अट नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ नुसार कोणत्याही व्यक्तीने मुदतीत लेखी दिलेल्या हरकती व सूचनांचा विचार नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे महापालिकेला वा नगरपरिषदेला, करावा लागतो. भाडेकरू, खोलीवर राहणारा कामगार, वसतिगृहातील विद्यार्थिनी, तसेच ज्याला कामाला माणसे मिळत नाहीत असा छोटा कारखानदार, या सर्वांना तो अधिकार आहे.

हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. महाराष्ट्रातील महापालिका आणि नगरपरिषदांच्या विकास योजना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. मुंबईची नियमावली वेगळी असल्यामुळे तिचा उल्लेख आवश्यक तिथे स्वतंत्रपणे केला आहे.

आधी हिशेब समजून घ्यावा

योजना घराच्या किमतीपर्यंत कशी पोहोचते हे आकड्यांत पाहिले नाही, तर हरकत केवळ तक्रारीसारखी वाचली जाते. म्हणून एक कल्पित पण वास्तवाला धरून असलेला हिशेब मांडतो. समजा, एखाद्या महापालिका हद्दीत एक हजार चौरस मीटरचा भूखंड आहे आणि त्याची किंमत पाच कोटी रुपये आहे. तो नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर असेल, तर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार दाट वस्तीबाहेर त्यावर १.१० इतकाच चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण), मिळतो. अकराशे चौरस मीटर बांधकामावर पाच कोटी वाटले, तर पन्नास चौरस मीटरच्या घरावर एकट्या जमिनीचे सुमारे २२ लाख ७० हजार रुपये पडतात. वीट, सिमेंट, मजुरी, व्याज, नफा आणि मुद्रांक शुल्क हे सगळे त्याच्या पुढचे.

आता तोच भूखंड नऊ मीटर रस्त्यावर आहे असे धरू. तिथे अधिमूल्य (जादा बांधकामासाठीचे शुल्क) भरून ०.५० आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन ०.४० अशी भर घालता येते व एकूण २.०० पर्यंत जाता येते. अधिमूल्य आणि टीडीआर दोन्ही जमिनीच्या दराच्या ३५ टक्क्यांनी पडले असे समजू. त्यांचे मिळून दीड कोटीहून थोडे अधिक होतात. एकूण खर्च दोन हजार चौरस मीटरवर वाटला, की त्याच घरावर जमिनीचा भार सुमारे १६ लाख ४० हजारांवर येतो. सहा लाखांहून अधिक वाचले.

मात्र हा हिशेब इथे थांबवला तर तो फसवा ठरेल. भूखंडावर दुप्पट बांधता येते हे मालकालाही ठाऊक असते. आसपास असे भूखंड मोजकेच असतील तर तो पाच कोटींऐवजी सात कोटी मागतो आणि ते देणारा भेटतोही. मग जमिनीचा भार पुन्हा २१ लाखांच्या वर जातो, आणि वाढीव एफएसआयचा जवळजवळ सगळा लाभ घर घेणाऱ्याऐवजी जमीन विकणाऱ्याच्या पदरात पडतो. याउलट रस्ते, पाणी आणि मलवाहिनी असलेली बांधण्याजोगी जमीन शहरात भरपूर ठिकाणी उपलब्ध असेल, तर मालकाला मनाला येईल तो भाव सांगता येत नाही. म्हणूनच फक्त एफएसआय वाढवा ही मागणी अपुरी आहे आणि फक्त हद्द वाढवा ही मागणीही अपुरी आहे. सोयींनी युक्त जमीन किती जागी, किती लवकर आणि किती लहान तुकड्यांत मिळणार, यावर घराची किंमत ठरते, आणि या तिन्ही प्रश्नांची उत्तरे विकास योजनेच्या नकाशात दडलेली असतात.

जमिनीची टंचाई आपल्याकडे नियमांनीही निर्माण केली, हे या संदर्भात स्पष्टपणे म्हटले पाहिजे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू चांगला होता. मुंबईत पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक रिकामी जमीन कोणाकडे राहू नये आणि वरची जमीन गरिबांच्या घरांसाठी यावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बरीच जमीन सवलतींच्या अर्जांत आणि न्यायालयीन दाव्यांत अडकली. केंद्राने १९९९ मध्ये हा कायदा मागे घेतला, महाराष्ट्राने मात्र २००७ च्या नोव्हेंबरपर्यंत तो ठेवला. दुसरीकडे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणेच जवळपास थांबले. ज्या मुंबईत गिरणी कामगाराला पगारातून परवडेल अशी खोली भाड्याने मिळत होती, त्याच मुंबईत २०११ च्या जनगणनेपर्यंत चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते.

मुंबईबाहेर या टंचाईचे रूप वेगळे आहे. योजनेने लहान भूखंड दिले नाहीत, म्हणून लोकांनी ते योजनेबाहेर घेतले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट; मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला झेपणारी ती जागा. तुकडेबंदी कायद्याने तिची खरेदी अडवली, तरी साठेखतावर, नोटरीच्या कागदावर हे व्यवहार होतच राहिले. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्तीसाठी वाढवावी लागली. चाकण-रांजणगावसारख्या औद्योगिक पट्ट्यांत कारखान्यांना शेकडो एकर जागा मिळाली, पण तिथे पाळीवर जाणारा कामगार आजूबाजूच्या गावांतल्या खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहतो. अशा ठिकाणी चांगला वेल्डर किंवा परिचारिका टिकत नाही, कारण पगारवाढ भाड्यात आणि प्रवासात जाते. शहराची भरभराट खुंटते ती अशी.

मुदत सुरू होताच काय मिळवावे

योजना प्रसिद्ध झाल्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत येते. हरकतीची मुदत त्या सूचनेतच दिलेली असते आणि ती दिवसांत मोजली जाते, म्हणून सूचनेचे कात्रण जपून ठेवावे. त्यानंतर चार गोष्टी हातात असाव्यात: प्रस्तावित भूवापर नकाशाचे आपल्या भागाचे पान, अस्तित्वातील भूवापर नकाशाचे तेच पान, योजनेचा अहवाल, आणि आधीच्या मंजूर योजनेचा नकाशा. पहिल्या तीन गोष्टी संकेतस्थळावर ठेवल्या जातात आणि कार्यालयात शुल्क भरूनही मिळतात. चौथी गोष्ट मिळवताना थोडी चिकाटी लागते; सहज मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, पण त्या उत्तराला तीस दिवस लागू शकतात हे लक्षात घेऊन तो पहिल्याच दिवशी द्यावा. किंबहुना आपल्या शहराची योजना तयार होत आहे हे कलम २३ च्या इरादा जाहीर करणाऱ्या सूचनेपासूनच कळलेले असते, त्यामुळे जुना नकाशा त्याच वेळी मिळवून ठेवलेला उत्तम.

अहवाल आधी, नकाशा नंतर

बहुतेक लोक थेट नकाशा उघडतात आणि आपले घर शोधतात. परवडणाऱ्या घरांचा प्रश्न पाहायचा असेल तर सुरुवात अहवालापासून करावी, कारण योजनाकारांनी किती माणसे गृहीत धरली आहेत हे तिथे लिहिलेले असते. लोकसंख्येच्या अंदाजाचे प्रकरण आणि जमीन वापराच्या वाटपाचा तक्ता ही दोन ठिकाणे नीट वाचावीत.

समजा, योजनेच्या अखेरच्या वर्षापर्यंत आठ लाख लोक वाढतील असे अहवाल म्हणतो. एका कुटुंबात चार माणसे धरली तर दोन लाख नवी घरे लागतील. आता आरक्षणांच्या यादीत दुर्बल घटकांसाठीची घरे, सार्वजनिक गृहनिर्माण, विस्थापितांचे पुनर्वसन अशा नावांची जी आरक्षणे आहेत त्यांचे क्षेत्रफळ एकत्र करावे. ते दहा हेक्टर भरले असे धरू. दोनच्या एफएसआयने त्यावर दोन लाख चौरस मीटर बांधकाम होईल आणि जिना, मार्गिका धरून एका लहान घराला चाळीस चौरस मीटर लागले तर पाच हजार घरे होतील. दोन लाखांपैकी पाच हजार, म्हणजे अडीच टक्के. शहरात झोपडपट्टीत व एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण त्याच अहवालात दुसऱ्या पानावर दिलेले असते. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की हरकतीचा पहिला परिच्छेद आपोआप तयार होतो, आणि तो प्राधिकरणाच्या स्वतःच्या आकड्यांवर उभा असल्याने खोडून काढणे कठीण जाते.

त्यानंतर नकाशा उघडावा. पिवळा रंग रहिवास विभागाचा, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक व निमसार्वजनिक, हिरवा मोकळ्या जागांचा आणि फिका हिरवा शेती वा ना-विकास विभागाचा, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. तरी त्या पानावरची सूची पाहूनच रंग ठरवावा. नुसता पिवळा रंग किती पसरला आहे यावर समाधान मानू नये. त्या पिवळ्या भागात बारा-पंधरा मीटरचे रस्ते आखले आहेत की फक्त मोठा वर्तुळाकार मार्ग दाखवून आतला सगळा भाग मोकळा सोडला आहे, हे पाहावे. आतले रस्ते आखलेले नसतील, तर तिथे घरे उभी राहतील ती शेताच्या बांधावरून जाणाऱ्या वाटांवर, आणि नंतर त्या वाटा रुंद करणे किती अवघड असते हे पुण्याने अनुभवले आहे. तिथे २०२० मध्ये ३२३ अरुंद रस्ते सहाचे नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे आला, कारण नऊ मीटरखालच्या रस्त्यावरील जुन्या इमारतींना टीडीआर वापरता येत नव्हता आणि त्यांचा पुनर्विकास अडला होता.

रस्त्यांबरोबर जागेचाही विचार करावा. दुर्बल घटकांच्या घरांची आरक्षणे नकाशावर कुठे टाकली आहेत, हे माझ्या मते सर्वांत बोलके चिन्ह आहे. ती कचरा डेपोशेजारी, नाल्याच्या पूररेषेत किंवा हद्दीच्या टोकाला, बसथांब्यापासून दोन किलोमीटरवर असतील, तर कागदावर आरक्षण असूनही त्याचा उपयोग नाही. तिथे घर मिळालेले कुटुंब ते भाड्याने देऊन पुन्हा जुन्या वस्तीत जाते, कारण धुणीभांडी, हमाली, पहारा ही कामे तिथेच असतात. मेट्रो वा रेल्वे स्थानकाच्या पाचशे मीटर परिसरात दाट बांधकामाला परवानगी देणारे नियम आहेत. त्या परिघात एकही लहान घरांचे आरक्षण नसेल तर ते हरकतीत नमूद करावे.

शेवटी जुना मंजूर नकाशा नव्याच्या शेजारी ठेवावा. जुन्या योजनेत घरांसाठी राखलेली कोणती जागा नव्या योजनेत वगळली गेली आणि का, याचे कारण अहवालात आहे का, हे तपासावे. हे काम वेळखाऊ आहे आणि म्हणूनच फारसे कोणी करत नाही. तरीही त्यातूनच सर्वांत नेमकी हरकत निघते. जागा विद्यमान भूवापर नकाशात रिकामी दाखवली आहे पण प्रत्यक्ष तिथे शंभर घरांची वस्ती आहे, अशा चुकाही याच तुलनेत सापडतात. मुंबईच्या २०१५ मधील प्रारूप योजनेत उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवणे, वारसा वास्तूंच्या चुकीच्या नोंदी अशा असंख्य त्रुटी नागरिकांनी दाखवून दिल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य शासनाने ती योजना दुरुस्तीसाठी परत पाठवली आणि सुधारित मसुदा २०१६ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करावा लागला.

कोणती मागणी कोणाकडे करावी

इथे एक गफलत वारंवार होते. एफएसआय, पार्किंग, इमारतीच्या बाजूने सोडायचे अंतर, घराचे किमान क्षेत्र या गोष्टी मुंबई वगळता बहुतेक शहरांत २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीत आहेत आणि ती राज्य शासनाची आहे. आपल्या शहराच्या योजनेवर हरकत देताना त्यात बदल मागितला, तर तो विषय हरकती ऐकणाऱ्या समितीच्या कक्षेत नाही असे उत्तर येते. ती मागणी नगरविकास विभागाकडे स्वतंत्र पत्राने करावी. शहराच्या योजनेवर जे मागता येते ते असे: जमीन कोणत्या विभागात, रस्ता किती रुंद आणि कुठून, आरक्षण कशासाठी आणि कुठे, आणि कोणत्या भागासाठी नगररचना योजना राबवावी.

यातली शेवटची मागणी मला फार महत्त्वाची वाटते. नगररचना योजनेत अनेक मालकांच्या जमिनी एकत्र करून त्यांतून रस्ते, बागा, शाळा आणि घरांसाठीची जागा काढली जाते व उरलेली जमीन चौरस, रस्त्यालगतच्या भूखंडांच्या रूपात त्याच मालकांना परत दिली जाते. कोणाचे सगळे शेत जात नाही आणि कोणाचे सगळे वाचत नाही. हे तंत्र आपल्याकडे नवे नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली ते सुरू झाले आणि पुण्याच्या भांबुर्ड्याचा, मुंबईच्या वांद्रे-सांताक्रूझचा बराच भाग अशाच योजनांतून आखला गेला. नंतर महाराष्ट्रात ते मागे पडले, तर गुजरातेत अहमदाबादने त्याच पद्धतीने शहराची वाढ केली आणि वर्तुळाकार मार्गाची जमीनही मिळवली. अलीकडे पुण्याजवळ माण-म्हाळुंगे येथे ही पद्धत पुन्हा हाती घेतली गेली. आपल्या शहराच्या कडेला मोठा पिवळा पट्टा दाखवला असेल आणि आत रस्ते नसतील, तर तिथे नगररचना योजना करावी व तिच्यातून मिळणाऱ्या जागेचा ठरावीक हिस्सा लहान भूखंडांसाठी राखावा, अशी सूचना द्यावी. लहान भूखंड म्हणजे बकाली असा आक्षेप येतो. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात मोजक्या चौरस मीटरच्या भूखंडांवर, सामायिक अंगणांभोवती घरे रचली; आक्षेप घेणाऱ्यांना ती वस्ती दाखवावी.

एक नियम मात्र शहरपातळीवर मागे लागून अमलात आणून घेण्यासारखा आहे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पात वीस टक्के लहान घरे सर्वसमावेशक गृहनिर्माणाखाली द्यावी लागतात आणि ती म्हाडाच्या सोडतीतून वितरित होतात. अशी किती घरे मंजूर झाली आणि किती म्हाडाकडे आली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

हरकत कशी लिहावी

एका हरकतीत एकच विषय असावा. चार विषय असतील तर चार पत्रे द्यावीत, कारण प्रत्येक हरकतीला क्रमांक पडतो आणि समितीचा अहवाल क्रमांकानुसार निर्णय नोंदवतो. एकाच पत्रातील तिसरा-चौथा मुद्दा त्या रकान्यात हरवून जातो. छापील मजकुरावर शेकडो सह्या घेण्याचा मोह टाळावा. अशा सर्व पत्रांची सुनावणी एकत्रच होते. त्याऐवजी दहा जणांनी आपापल्या परिस्थितीसह दहा वेगळी पत्रे दिली तर प्रत्येकाला बोलण्याची संधी मिळते.

पत्राचा मजकूर पुढीलप्रमाणे असू शकतो. कंसातील जागी आपला तपशील भरावा.

"विषय: प्रारूप विकास योजनेतील आरक्षण क्रमांक (अमुक), दुर्बल घटकांसाठी घरे, याबाबत हरकत व सूचना.

महोदय, मी (परिसराचे नाव) येथे भाड्याने राहतो व (कामाचे ठिकाण) येथे काम करतो. योजनेच्या अहवालातील पृष्ठ (अमुक) नुसार या शहराला योजनेच्या कालावधीत सुमारे (इतकी) नवी घरे लागणार आहेत. अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी प्रस्तावित आरक्षणांचे एकूण क्षेत्र पृष्ठ (अमुक) वरील तक्त्यानुसार (इतके) हेक्टर असून त्यातून गरजेच्या (इतके) टक्के घरेच होऊ शकतील. त्यापैकी वरील आरक्षण पूररेषेच्या आत असून जवळच्या बसमार्गापासून (इतक्या) अंतरावर आहे. आधीच्या मंजूर योजनेत गट क्रमांक (अमुक) ही जागा याच प्रयोजनासाठी आरक्षित होती व ती स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ती वगळण्याचे कारण अहवालात आढळत नाही. सबब, गट क्रमांक (अमुक) या जागेवरील आधीचे आरक्षण कायम ठेवावे, अशी विनंती आहे. सोबत नकाशाच्या संबंधित भागाची खूण केलेली प्रत, दोन्ही जागांची छायाचित्रे व अहवालातील पृष्ठांच्या प्रती जोडल्या आहेत. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी."

या पत्रात रागाचा शब्द नाही आणि विशेषणही जवळजवळ नाही, ही गोष्ट मुद्दाम पाहावी. काय चुकले एवढे सांगून ते थांबत नाही. त्याऐवजी कुठे आणि काय करावे हेही सांगते. आरक्षण नको असे म्हणणाऱ्या पत्रांच्या ढिगात, आरक्षण ठेवा आणि ते इथे ठेवा असे म्हणणारे पत्र समितीलाही उपयोगी पडते, कारण मालकाची हरकत फेटाळायची तर तिच्या विरुद्ध बाजूचे म्हणणे नोंदीवर असावे लागते.

पत्र शक्यतो स्वतः जाऊन द्यावे, दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी. ऑनलाइन सोय असेल तर पोहोचेचा क्रमांक जपावा.

सुनावणीत

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. हरकती हजारोंनी असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला काहीच मिनिटे येतात. पुण्याच्या २०१३ च्या प्रारूप योजनेवर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या. त्यामुळे नकाशाच्या भागावर ठळक खूण करून ती प्रत समितीपुढे ठेवावी, दोन आकडे सांगावेत, मागणी एका वाक्यात मांडावी आणि लेखी टिपण देऊन त्याची पोहोच घ्यावी. बोलणे अर्धवट राहिले तरी टिपण नोंदीत राहते. शेजारच्या जमिनीचा मालक आपल्या विरुद्ध बोलला तर त्याच्याशी तिथे वाद घालू नये. त्याची अडचण खरी असेल तर नुकसानभरपाई, टीडीआर किंवा समावेशक आरक्षणाचा मार्ग सुचवावा, ज्यात आरक्षित सुविधा बांधून देऊन उरलेला हक्क मालक वापरू शकतो. घरांची बाजू मांडणाऱ्याने शेतकऱ्याला पैसे मिळू नयेत अशी भूमिका घेतली, तर ती न्याय्यही नाही आणि टिकणारीही नाही. नवी मुंबईत सिडकोने संपादन केलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळण्यासाठी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले.

समितीच्या अहवालानंतर

समितीच्या शिफारशींवर प्राधिकरण योजनेत बदल करते आणि ती कलम ३० खाली शासनाकडे पाठवते. बदलांची यादी प्रसिद्ध होते. त्यात आपल्या आरक्षणाचा क्रमांक शोधावा. शासन कलम ३१ खाली मंजुरी देताना मोठे बदल करणार असेल, तर तेवढ्या भागासाठी पुन्हा हरकती मागवल्या जातात, आणि या दुसऱ्या फेरीकडे बहुतेकांचे लक्ष नसते. ज्यांनी पहिल्या फेरीत पत्र दिले आहे त्यांनी तरी ती चुकवू नये.

योजना मंजूर झाल्यानंतरही दोन दरवाजे उघडे राहतात आणि घरांची आरक्षणे तिथूनच बाहेर पडतात. पहिला कलम ३७ चा: या कलमाने मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करता येतात, त्यासाठी सूचना काढून एक महिन्याच्या आत हरकती मागवाव्या लागतात. एकेका गटापुरत्या या सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. शहरातील एखाद्या संस्थेने वा गृहनिर्माण गटाने दर आठवड्याला राजपत्र आणि महापालिकेचे संकेतस्थळ पाहण्याची जबाबदारी वाटून घेतली, तर हे काम फार मोठे नाही. दुसरा कलम १२७ चा: मंजुरीनंतर दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत प्राधिकरणाने पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. म्हणून योजना मंजूर झाल्याच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून दर अंदाजपत्रकाच्या वेळी, घरांच्या प्रत्येक आरक्षणाच्या संपादनासाठी किती तरतूद केली आहे, हा लेखी प्रश्न आपल्या नगरसेवकामार्फत आणि माहितीच्या अधिकारातही विचारावा, आणि आलेले उत्तर आरक्षणाच्या क्रमांकासह फाइलला लावून ठेवावे.